सनईवाल्याची चोखणी

एक गाव होतं, आणि त्या गावात दिवस उजाडला हे कोंबडं सांगायचं नाही, लिंबाजी सांगायचा. लिंबाजी म्हणजे गावदेवीच्या देवळातला सनईवाला. रोज सकाळी तो नगारखान्याच्या पायऱ्या चढायचा, वर मांडी घालून बसायचा, ओठ ओले करायचा आणि फुंक मारायचा. मग बायका चुली पेटवायच्या, म्हशी उठून उभ्या राहायच्या, आणि आळशी माणसं कूस बदलून परत घोरायला लागायची. सनईनं तरी करून करून किती करायचं!

लिंबाजीच्या घरात सनई सहा पिढ्या वाजली. सातवी पिढी बिघडली. लिंबाजीचा मुलगा शहरात गेला, लग्नाच्या बँडमध्ये शिरला, लाल कोट चढवला आणि तिकडचाच झाला. बायको तेवढी बाळंतपणाला गावात ठेवली होती. तिला मुलगा झाला आणि अकराव्या दिवशी ती तापानं गेली. नवरा दिवसकार्याला आला, दोन दिवस मान खाली घालून बसला आणि परत गेला. पुढं कानावर आलं की त्यानं दुसरं लग्न केलं. वरातीला बँड घरचाच होता, तेवढी सोय झाली.

मागं उरलं कोण? एक म्हातारा आणि एक ओंजळभर बाळ. बाळाचं नाव ठेवलं सोपान.

सोपान रडायचा. रडायचा म्हणजे काय, गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची. लिंबाजीनं शेळीचं दूध पाजून बघितलं. झोळी हलवून बघितली. एकदा सनई वाजवून बघितली, तर पोरगं दुप्पट रडलं. लिंबाजीला बाकी कशाचं वाटलं नाही, पण ह्याचं फार वाईट वाटलं. अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्या सनईला नावं ठेवणारं हे पहिलंच माणूस, आणि तेही घरातलं.

एक दिवस त्यानं पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा घेतला. पांगारा हलका, मऊ, पोराच्या तोंडात टोचायचा नाही. बसून बसून त्यानं त्याची चोखणी कोरली. पण सनईवाल्याचाच हात तो. वरचं टोक सनईसारखं निमुळतं झालं आणि खालचं तोंड उमललेल्या फुलासारखं. बोटाएवढी सनईच म्हणा ना. फक्त वाजायची नाही.

ती सोपानच्या तोंडात दिली आणि पोर गप्प. इतकं गप्प, की लिंबाजीनं घाबरून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

शेजारची माणसं बघायला आली. "लिंबाजी, पोराच्या तोंडात काय कोंबलंस रं?"

"कोंबलं न्हाय. रियाज चाललाय त्येचा."

"कसला रियाज?"

"सनईचा! तुमची पोरं पाळण्यात नुसती दूध पित्यात. माझा नातू पाळण्यात सनई धरतोय."

लोक हसले. पण लिंबाजी हसत नव्हता, त्याचा खरंच विश्वास बसला होता. आपल्या बापानं आपल्याला सनई नवव्या वर्षी दिली, ह्याला मी नवव्या महिन्यातच दिली, म्हणजे हा केवढा वाजवील! मुलगा गेला तो गेला, नातू सगळं भरून काढील. त्या पांगाऱ्याच्या तुकड्यावर म्हाताऱ्यानं सगळा जीव टांगला होता.

आणि खरं सांगायचं तर तोवर काही बिघडलंही नव्हतं. तान्ही पोरं चोखतातच. कुणी अंगठा चोखतं, कुणी पदर चोखतं. बिघडलं पुढं.

सोपान तीन वर्षांचा झाला. चोखणी काळ्या दोऱ्यात बांधून त्याच्या गळ्यात. झोपताना तोंडात, उठताना तोंडात, पडला तरी तोंडात. बोलायचं असलं की तो ती ओठाच्या कोपऱ्यात सरकवायचा, विडी धरतात तशी, आणि मग बोलायचा. लोकांना गंमत वाटायची.

तुळसाआत्याला वाटली नाही. तुळसाआत्या गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं निम्म्या गावाला ती अजून कान धरून बोलायची. ती एकदा लिंबाजीच्या ओसरीवर टेकली आणि तिनं सोपानला जवळ ओढलं. चोखणी काढली.

"सोपाना, आ कर. हां. आता दात मिट."

सोपाननं दात मिटले.

"मिटले का?"

"मितले," सोपान म्हणाला.

मिटले होते, पण फक्त मागचे. पुढं वरचे दात वरच राहिले, खालचे खालीच, आणि मधे एक गोल भोक. तुळसाआत्यानं त्यातनं करंगळी आत घातली आणि बाहेर काढली. सोपानला ती गंमतच वाटली. तो खिदळला.

"लिंबा, हे बघितलंस का?"

लिंबाजीनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं देवळाच्या दिशेला हात जोडले. "आत्या, अगं ही तर देवीची खूण! सनई बसायला देवीनंच जागा ठेवली पोराच्या तोंडात."

"देवीनं न्हाय मेल्या, तू ठेवलीस. जागेचं माप बघ. तुझ्या चोखणीएवढंच हाय. लेकराचं जबडं म्हंजी ओली माती. वरीस वरीस त्यात बोट रुतवून ठेवलं तर खळगा पडायचाच."

लिंबाजीचं तोंड उतरलं. "मग आता गं?"

"आता काय? काढून टाक. अजून वय हाय. हे गेलं की दात हळूहळू आपले आपण खाली येत्यात. तीन दिस रडंल, लईच झालं तर चार. मग इसरून जाईल. पण दुधाचं दात पडायला लागले, खरं दात यायला लागले आन् तवाबी तोंडात हीच असली, तर ते दात ह्या खळग्याच्या भवतीनंच उभं ऱ्हातील. मग माझ्याकडं येऊ नगंस. माझ्याकडं त्येचं औषद न्हाय."

"तीन दिस?"

"तीन दिस. तू नगारखान्यात रात्रंदिस वाजवणारा माणूस, तीन दिस पोराचं रडणं ऐकवंना व्हय तुला?"

तीन दिवस म्हणजे काही फार नाही. कुणालाही वाटेल. लिंबाजीलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोरा सोडला आणि चोखणी फडताळात वरच्या फळीवर ठेवली. सोपान आधी शेळीच्या मागं पळत होता, त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्यानं गळ्याला हात लावला.

"आबा, माझी चोखनी?"

"उंदरानं न्हेली."

"कुथल्या उंदलानं?"

आता उंदराचा पत्ता कुठून आणायचा! सोपाननं सगळी बिळं शोधली. कणगीखाली डोकं घातलं. आणि मग तो रडायला लागला. जमिनीवर लोळला. भाकरीचा कुस्करा केला होता तो ताटासकट उडवला. ऊन वर आलं तसं रडणंही वर चढलं. लिंबाजीनं त्याला कडेवर घेतलं, खांद्यावर घेतलं, विहिरीवर नेलं, परत आणलं. पोरानं म्हाताऱ्याचे कान ओढले, मिशी ओढली. लिंबाजी सगळं सोसत होता.

आणि मग पोरानं हाक मारली, "आई!"

हा शब्द त्याला घरात कुणी शिकवला नव्हता. घरात कुणाला मारायची होती ही हाक? शेजारची पोरं पडली-झडली की असं ओरडतात, हे बघून शिकला असेल. पण ज्या पोराला आईचं तोंड आठवतही नव्हतं, ते दाराकडं हात करून "आई, आई" करत होतं, आणि दारात कुणी नव्हतं.

लिंबाजी उठला. फडताळापर्यंत गेला. थांबला. परत येऊन बसला. परत उठला. दुपारचं जेवण व्हायच्या आत चोखणी सोपानच्या तोंडात होती, आणि घर असं शांत झालं की बाहेर चिमणी चोच घासत होती तेही ऐकू येत होतं.

"उद्या काढीन," लिंबाजी स्वतःलाच म्हणाला.

उद्या एका लग्नात वाजवायला जायचं होतं, पोर रडत कसं ठेवायचं? परवा पोराला सर्दी झाली. मग पाऊसकाळ आला. मग दिवाळी आली, सणासुदीला लेकराला कोण रडवतं? असं करत करत सोपान चार वर्षांचा झाला, पाच वर्षांचा झाला. तुळसाआत्या दोनतीनदा भांडून गेली. मग ती आजारी पडली आणि गेली. भांडणारं माणूस गेलं की आपण बरोबर होतो असं वाटायला लागतं. लिंबाजीला तसं वाटायला लागलं.

सातव्या वर्षी सोपाननं चोखणी स्वतःच विहिरीत फेकून दिली. पोरं त्याला "तान्हुलं, तान्हुलं" म्हणून चिडवायची. फेकली त्या दिवशी तो रडला सुद्धा नाही. पण तोवर दुधाचे दात पडत आले होते आणि नवे दात यायला लागले होते. वरचे आले ते पुढं झुकून, ओसरीच्या पत्र्यासारखे. खालचे आले ते आत दडून. आणि मधे ते भोक तसंच. दाताला तार लावून सरळ करतात हे त्या गावाला माहीतच नव्हतं. तिथं दात दुखला की लोहाराकडं जायचे आणि तो विचारायचा, कुठला, दाखव, म्हणजे दुसरा उपटणार नाही.

सोपानला पेरूचा चावा घेता येईना. तो पेरू दाढेखाली धरून तोडायचा, कुत्रं हाडूक तोडतं तसं. आणि बोलताना जीभ त्या भोकातनं बाहेर डोकवायची. पोरं मुद्दाम विचारायची, "ए, तुझं नाव काय रं?"

"थोपान."

"आन् तुझा आबा काय वाजवतो?"

"थनई."

मग पोरं पोट धरून हसायची. एकदा हसली, दोनदा हसली. नंतर सोपाननं नाव सांगणंच सोडून दिलं. कुणी विचारलं की तो नुसता पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा.

आठवं संपून नववं लागलं तशी लिंबाजीनं त्याच्या हातात खरी सनई दिली. सोपाननं ती दोन्ही हातांत अशी धरली, की जसं काही आत पाखरू आहे. बोटं बरोबर भोकांवर पडली. लिंबाजीचा ऊर भरून आला.

"मार फुंक."

सोपाननं गाल फुगवले.

फुस्स.

"आवळ की जरा ओठ. परत."

फुस्स. आणि बाजूनं लाळ.

सनईची ताडाच्या पानाची पत्ती ओठांनी घट्ट धरावी लागते. ओठांच्या मागं दात भिंतीसारखे उभे असावे लागतात, तर ओठांना जोर येतो. सोपानच्या ओठांमागं भिंत नव्हती, खिडकी होती. सगळी हवा तिकडनं पळायची. लिंबाजीला आधी वाटलं पत्ती खराब आहे. त्यानं पत्ती बदलली. मग वाटलं सनईच जुनी झाली. ती बदलली. मग म्हणाला, पोरालाच दम नाही. "दम लाव, दम! बापावानी पळपुटा हुणार हायस का?" एकदा तर त्यानं पोराच्या पाठीत धपाटा घातला. सोपान रडला नाही. ओठ फुटून रक्त येईपर्यंत फुंकत बसला.

त्या रक्तानं लिंबाजी भानावर आला. त्यानं पोराची हनुवटी धरली आणि ओठ कसा ठेवायचा हे दाखवायला बोट लावलं. बोट घसरलं आणि सरळ आत गेलं. दात मिटलेले होते, तरी.

लिंबाजीनं बोट बाहेर काढलं आणि त्या बोटाकडंच बघत बसला. तुळसाआत्यानं करंगळी घातली तेव्हा हे पोर खिदळलं होतं. आज ते त्याच्या तोंडाकडं बघत होतं आणि विचारत होतं, "आबा, माझं काय चुकतंय?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण लिंबाजी म्हणाला, "काय न्हाय. येईल हळूहळू."

आलं मात्र काहीच नाही. नाही म्हणायला बोटं आली. सोपान सनई ओठाला न लावता नुसती छातीशी धरायचा, नाकातनं हूं हूं करत सूर धरायचा आणि बोटं चालवायचा. सहा पिढ्यांचं सगळं त्या दहा बोटांत येऊन बसलं. आवाजच तेवढा नव्हता.

जत्रा आली. त्या गावची चाल अशी, की सनईवाल्याच्या घरचं पोर दहाव्या वर्षात आलं की जत्रेच्या सकाळी नगारखान्यात पहिली फुंक त्याची. ती वाजली की घरचा मान पुढं चालू. नाही वाजली तर मान दुसऱ्या घराला. लिंबाजीच्या तोंडात तीन दात उरले होते, आणि त्या तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्याच्यानं आता वर्षभरही वाजवणं होणार नव्हतं. त्यानं देवीला नारळ बोलला, पेढे बोलला, स्वतःचे तीन दातही बोलला. आणि सोपानला नवा फेटा बांधून वर बसवला.

खाली सगळा गाव उभा. मानकरी येसाजी पाटील पुढं. शेजारच्या गावचा सनईवाला राणबा दर्शनाला म्हणून आला होता. सनई काखेत घेऊन दर्शनाला कोण येतं ते तुम्हीच ओळखा.

सोपाननं डोळे मिटले आणि फुंक मारली.

फुस्स.

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. सोपाननं परत फुंकलं. परत. मानेच्या शिरा टम्म फुगल्या. एका पोरानं खालून ओरडून विचारलं, "ए थोपान, थनई वाजतीया का?" आता सगळेच हसले. येसाजी पाटील नुसतेच मान हलवत म्हणाले, "बापावर गेलंय. पोरात दमच न्हाय, त्याला लिंबाजी तरी काय करणार?"

बघा, किती सोपं होतं. म्हाताऱ्यानं फक्त गप्प बसायचं होतं. पोरात खोट निघाली असती, लोकांनी लिंबाजीची कीव केली असती आणि जत्रा पुढं सरकली असती. सोपान त्याच्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो माफी मागत होता.

ते मात्र लिंबाजीला सोसवलं नाही. तो कठड्याला धरून उभा राहिला.

"हसू नगा," तो म्हणाला. "ह्याच्यात दम हाय. तुमच्या पोरांच्या दुप्पट हाय. ह्याचं दात बघा. ते मी केल्यात. तुळसाआत्या म्हणाली हुती, तीन दिस रडू दे. माझ्यानं एक दुपार निघली न्हाय. ह्याचं रडणं मला ऐकवंना, म्हणून मी ह्याचं तोंड बंद केलं. ते जल्माचं बंद झालं."

कुणी हसलं नाही. येसाजी पाटलांनी फेट्याचं टोक उगाच सारखं केलं. गर्दीत एका बाईच्या कडेवर चांगलं चार वर्षांचं पोर होतं, अंगठा तोंडात घालून. तिनं हळूच त्याचा अंगठा बाहेर काढला.

सोपान आज्याकडं बघत राहिला. मग त्यानं सनई पुसली. स्वतः पायऱ्या उतरून गेला आणि राणबाच्या समोर जाऊन उभा राहिला, कारण आता काय होणार हे त्याला कळलं होतं. राणबा काखेतली सनई लपवायला लागला. त्याला लाज वाटली.

"वर चला," सोपान म्हणाला. "उथील होतोय देवीला."

राणबा वर गेला. वाजवलं त्यानं. बरं वाजवलं. चौघडा घुमला, पालखी उठली, गुलाल उधळला, लोक पालखीच्या मागं गेले. आज्जा आणि नातू नगारखान्याखालच्या पायरीवर बसून राहिले. म्हाताऱ्याला पोराच्या अंगाला हात लावायचं धाडस होत नव्हतं. पोराची बोटं गुडघ्यावर चालली होती. वर जे वाजत होतं तेच ती वाजवत होती.

मधेच बोटं थांबली.

"आबा," सोपान हळूच म्हणाला, "त्यानं आता वलचा थूर जरा खाली धलला. नाय का?"

धरला होता खरा. केसाएवढा खाली. एवढ्या जत्रेत ते दोघांनाच कळलं होतं. एकाला दात नव्हते, आणि दुसऱ्याला असून नव्हते.

"व्हय रं," लिंबाजी म्हणाला.

तात्पर्य: लेकराची सवय मोडायची वेळ असते तेव्हाच ती मोडावी. आपल्याला त्याचं रडणं बघवत नाही म्हणून आपण त्याला गप्प केलं, तर ती माया लेकरावर नसते, स्वतःवर असते. आणि आपण वाचवलेल्या तीन दिवसांचं रडणं मग लेकराला जन्मभर पुरतं.